रील्स करा, पण वाक्यंही वाचा

चि.,
अनेक आशीर्वाद.

बार्सिलोनातली तुझ्या वर्गातली मुलं मीम्सपासून रील्सपर्यंत सगळं कॅटलनमध्ये, म्हणजे तिथल्या स्वतःच्या भाषेत करतात, तसं मालवणीचं करता येईल का, असं तू विचारलंस. रील्स जरूर कर. पण त्या आठवड्याभरात खाली जातात. भाषा यंत्राला कळू लागते ती एका कंटाळवाण्या कामामुळे, आणि शिकण्यासारखं तेच आहे.

कॅटलन माणसं इंटरनेटवर आली लवकर. इंग्रजी विकिपीडिया जानेवारी २००१ मधला, कॅटलन त्याच मार्चमधला. मराठीला २००३ उजाडलं. २००५ मध्ये 'डॉट कॉम'सारखं 'डॉट कॅट' मंजूर झालं, एका भाषेच्या आणि संस्कृतीच्या नावाचं पहिलंच डोमेन. पण सध्याचं मोठं काम कॉमन व्हॉइसवर चालतं; यंत्राला भाषा शिकवण्यासाठी लोकांचे आवाज गोळा करणारी ती मोझिलाची (फायरफॉक्सवाल्यांची) साइट. कॅटलन बोलणारे साधारण एक कोटी, तरी तिचा आवाजांचा संच तिथल्या सर्वांत मोठ्या संचांत मोडतो.

काम असं. पडद्यावर वाक्य येतं, ते वाचून रेकॉर्ड करायचं. पाच वाक्यांचा एक हप्ता. मग दुसरे लोक ऐकतात आणि दोघांनी 'हो' म्हटलं की क्लिप पास. वाक्य पंधरा शब्दांच्या आत हवं आणि हक्कमुक्त हवं; वर्तमानपत्रातून उचललेलं चालत नाही. त्यात आकडे नकोत. '१९५०' कुणी 'एकोणीसशे पन्नास' वाचतो, कुणी 'एक हजार नऊशे पन्नास', आणि लिहिलेलं नि बोललेलं जुळलं नाही की यंत्र चुकीचं शिकतं.

गाडी अडते ती ऐकण्यापाशी. बोलायला सगळे पुढे, ऐकायला कुणी नाही. क्लिप सरासरी पाच सेकंदांची धर: तासाभराच्या आवाजाला ७२० क्लिपा, म्हणजे १,४४० वेळा ऐकणं. म्हणून यासाठी शिबिर घेतलंस, तर त्याचा निम्म्याहून जास्त वेळ ऐकण्याला दे. एकाच उत्साही माणसाकडून हजार वाक्यं घेऊ नकोस. चाळीस जणांकडून पंचवीस-पंचवीस घे. नाहीतर यंत्राला फक्त त्या एकाचंच बोलणं समजेल. पंखा बंद, आणि बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचं. पहिलं अक्षर कापलं जाणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

आता नाजूक भाग. 'बार्सेलोना' हा शब्दच घे. बार्सिलोनाचा माणूस त्यातले आघात नसलेले 'ए' आणि 'आ' पुसट करून टाकतो. दक्षिणेकडच्या व्हॅलेन्सियाचा माणूसही हीच भाषा बोलतो, पण ते स्वच्छ उच्चारतो. शहरातल्या पोराला दुसरा उच्चार गावंढळ वाटला आणि त्यानं 'नाही' दाबलं, की व्हॅलेन्सियाचा आवाज संचातून बाद. ओळख अशी एका बटणावर ठरते. उच्चार वेगळा असेल तर 'हो'. शब्द बदलला असेल तरच 'नाही', हे ऐकणाऱ्यांना आधी बजावून सांग.

आवाज एकदा प्रसिद्ध झालेल्या संचात गेला की परत मागता येत नाही, हेही आधीच सांगायचं. युरोपीय कायद्यात ऑनलाइन संमतीचं वय १६ आहे, देशांना ते १३ पर्यंत खाली आणता येतं. स्पेननं २०१८ च्या कायद्यात १४ ठेवलं. तू मात्र अठराच्या आतल्या प्रत्येकासाठी पालकांची सही घे.

मालवणीकडे वळण्याआधी स्कॉट्स (स्कॉटलंडमधली, इंग्रजीच्या जवळची भाषा) विकिपीडियाचं काय झालं ते वाच. २०२० मध्ये उघड झालं की तिथले हजारो लेख स्कॉट्स न येणाऱ्या एका अमेरिकन मुलानं लिहिले होते. इंग्रजी वाक्य घ्यायचं आणि कोशात बघून शब्द बदलायचे. हेतू चांगला होता, पण लोक त्यालाच स्कॉट्स समजू लागले. 'आहे' काढून 'आसा' घातलं म्हणून मालवणी होत नाही, आणि मुंबईत वाढलेल्या पोरांकडून नेमकं हेच होतं.

म्हणून वाक्यं रचू नकोस, शब्दांपासून सुरू कर. फ्रान्समधल्या विकिमीडियावाल्यांचं लिंग्वा लिब्र हे शब्द रेकॉर्ड करायचं साधन त्यासाठी बरं: यादी भरायची, एकेक शब्द समोर येतो, म्हटला की शांतता ओळखून ते स्वतःच पुढच्यावर जातं. मागे टीव्ही चालू असेल तर मात्र अडकून बसतं. पहिल्या यादीत पन्नास शब्द पुरेत: मासे, भांडी, नाती. रेकॉर्ड करण्याआधी ती यादी वेंगुर्ल्याच्या आणि मालवणच्या माणसाला फोनवर वाचून दाखव. जिथे दोघांचं जमणार नाही, तिथे दोन्ही शब्द ठेव.