माळावर खड्डे खणू नकोस

रोपं घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर लावायला जायचं म्हणतोयस. हौस चांगलीय, पण रोपं घरीच ठेव बाबा. माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे. १९७९ साली तिथं अभयारण्य झालं ते माळढोक पक्ष्यासाठी, आणि त्याला झाडी नको, मोकळं गवत लागतं. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. काळवीट, लांडगा, चंडोल यांचंही घर तेच. मीही सुरुवातीला उत्साहात एका माळावर गिरिपुष्पाची झाडं लावली होती. आठवलं की अजून लाज वाटते.

त्यापेक्षा पहाटे नुसता येऊन रस्त्याकडेला बस. दुर्बीण नसली तरी चालेल, बूट मात्र हवेत. कुसळं मोज्यांत घुसली की संध्याकाळपर्यंत उपसत बसशील. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली तर जागीच थांब. खड्यांत खड्यांच्याच रंगाची चार अंडी असतात, दिसत नाहीत. आल्या पावली माघारी फिर.

झाडच लावायचं तर दारात कडुनिंब लाव. रोपाच्या बुडाशी भोक पाडलेलं मडकं पूर आणि पहिले दोन उन्हाळे ते पाण्यानं भरत राहा. माळढोकाची आशा धरून येऊ नकोस, माझ्या कित्येक फेऱ्या रिकाम्या गेल्यात.