अल जझिराच्या बातम्यांवर कितपत विश्वास ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की अल जझिरा हे न्यूज चॅनल खरंच भरवशाचं आहे की नुसता कतारचा भोंगा. मी नागपूरचाच, पण कतारची राजधानी दोहात सहा वर्षं एसी मेंटेनन्सचं काम केलं, आमच्या मेसमध्ये क्रिकेट नसलं की हेच चॅनल चालू असायचं, म्हणून सांगून राहिलो.

पैसा कतारचाच आहे, त्यात काही लपलेलं नाही. तेव्हाचे अमीर, म्हणजे तिथले राजे, शेख हमद यांनी ५० कोटी रियाल दिले आणि १ नोव्हेंबर १९९६ ला चॅनल सुरू झालं. खरी गंमत पत्रकार कुठून आले त्यात आहे. बीबीसीनं एका सौदी कंपनीच्या पैशावर अरबी टीव्ही काढला होता, त्यावर सौदीला झोंबणारा कार्यक्रम लागला, कंपनीनं हात काढून घेतला आणि एप्रिल १९९६ मध्ये ते दुकान बंद. त्यातली बरीच तयार माणसं इकडे आली, म्हणजे ट्रेनिंग बीबीसीचं आणि पगार अमीराचा. तोवर अरब टीव्हीवरच्या बातम्या म्हणजे राजा कोणाला भेटला नि कोणाला निरोप दिला, आणि यांनी थेट इस्रायलच्या लोकांनाही बोलायला बसवलं! आजूबाजूचे सगळे राजे चिडले.

रिपोर्टरच्या हिमतीबद्दल मला शंका नाही. २००१ मध्ये त्यांचं काबूलचं ऑफिस अमेरिकेच्या बॉम्बनं उडालं, २००३ मध्ये बगदादला त्यांचा रिपोर्टर तारिक अय्यूब मारला गेला, २०२२ मध्ये पॅलेस्टाईनमधल्या जेनिनला त्यांची रिपोर्टर शिरीन अबू अक्ले गोळी लागून गेली. जून २०१७ ला सौदी, यूएई, बहरीन, इजिप्तनं कतारची नाकेबंदी केली तेव्हा मी तिथंच होतो, दुकानातलं सौदीचं दूध गायब झालं आणि काही दिवसांनी तुर्कस्तानचं आलं, चहा जरा वेगळाच लागायचा. त्यांच्या १३ मागण्यांत एक होती की अल जझिरा बंद करा. चॅनल एवढं टोचत होतं त्यांना.

पण ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे तिथंही आहेच. आमच्या कंपनीनं एकदा तीन महिने पगार लटकवला, कॅम्पमध्ये रोज तीच चर्चा, आणि समोर टीव्हीवर गाझा, सीरिया, ब्राझील, सगळ्या जगाचं दुःख. मजुरांबद्दल ते अगदीच काही दाखवत नाहीत असं नाही, इंग्रजीवर कधीमधी येतं, पण अमीराच्या घराण्याला कोणी उभं-आडवं घेतलेलं मी तरी पाहिलं नाही. २०१५ मध्ये मजुरांवर बातमी करायला आलेल्या बीबीसीच्या टीमलाच कतारनं आत टाकलं होतं. इजिप्तमध्येही तेच, २०११ ला कैरोच्या तहरीर चौकातलं आंदोलन दिवसरात्र लाइव्ह दाखवलं, वाहवा झाली, मग २०१३ ला राष्ट्राध्यक्ष मोर्सींची सत्ता गेल्यावर चॅनलच्या कैरोतल्या बऱ्याच लोकांनी चॅनल ब्रदरहूडची (मोर्सींची मुस्लिम ब्रदरहूड ही संघटना) बाजू घेते म्हणून राजीनामे दिले.

अजून एक, अरबी आणि इंग्रजी हे दोन वेगळे प्राणी समजा. इंग्रजी २००६ मध्ये आलं, ते जरा मोजून मापून बोलतं. अरबी मला कामापुरतीच येते, पण मेसमधला सुदानी मित्र सांगायचा की तिकडे सूर चढा असतो, चर्चेत आरडाओरडा होतो (आपल्या चॅनलांपुढे तो किस झाड की पत्ती म्हणा). भारतात २०१५ ला पाच दिवस बंद केलं होतं ते मात्र काश्मीरच्या चुकीच्या नकाशावरून.

आपल्या नागपुरात पानठेल्यावर पेपर उघडला की आपण आधी पाहतो ना तो कोणाचा आणि पहिल्या पानावर जाहिरात कोणाची, मग बातमी वाचतो? तेच इथं करा. गाझा, सुदान, आफ्रिका यासाठी मी आजही त्यांची इंग्रजी साइट आधी उघडतो. कतार, तिथला गॅस, सौदीशी भांडण किंवा ब्रदरहूड असलं की रॉयटर्स ही वृत्तसंस्था पाहतो आणि मग यांनी त्यातलं काय गाळलं ते शोधतो.