सात वेळची प्रार्थना, लोकल आणि सासूबाईंची रोजरी

प्रश्न : फादर, माझी मावशी सिस्टर (नन) होती, ती गेल्यावर तिची ब्रेव्हिअरीची, म्हणजे दिवसभरात ठरलेल्या वेळी म्हणायच्या चर्चच्या प्रार्थनांची, तीन जाडजूड पुस्तकं माझ्याकडे आली. उत्साहाने सुरू केलं पण पानांच्या खुणेच्या रिबिनी कुठे लावायच्या तेच कळेना, त्यात सगळं इंग्रजी. सकाळी मुलांचे डबे, मग वसईहून चर्चगेट लोकल, घरी येईपर्यंत आठ, लगेच सासूबाईंची रोजरी (माळेवरची प्रार्थना). दिवसातून सात वेळा प्रार्थना आमच्यासारख्यांना कशी जमणार? एखादी राहिली तर पाप लागतं का? आणि सासूबाई म्हणतात, रोजरी असताना हे नवीन कशाला. - एक वाचक, वसई

उत्तर : ताई, आधी पापाचं बघू म्हणजे डोक्यावरचं ओझं उतरेल. ही प्रार्थना आम्हा फादर लोकांना बंधनकारक आहे, तुम्हाला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) 1963 साली प्रापंचिकांनाही ती म्हणायचं आमंत्रण दिलं, एकट्याने म्हटली तरी चालते असंही सांगितलं, पण आमंत्रण म्हणजे सक्ती नव्हे. त्यामुळे सकाळची राहिली तर रात्री दोन्ही एकदम उरकू असला हिशोब करू नका, कारण प्रत्येक प्रार्थना त्या त्या वेळेसाठी आहे, सकाळ गेली की गेली, जी वेळ समोर आहे तिथून पुढे चालू करायचं. बहुतेक लोक इथेच सोडून देतात असं माझं निरीक्षण आहे, दोन दिवस चुकले की थकबाकी वाढल्यासारखं वाटतं आणि पुस्तक परत कपाटात.

सात हा आकडा बायबलमधल्या 119व्या स्तोत्रातला, 'दिवसातून सात वेळा' तुझी स्तुती करतो असं तिथे म्हटलंय आणि संत बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिताना तोच धरला. पण मठातल्या माणसाला सव्वासहाची लोकल पकडायची नसते! परिषदेनेही सकाळची आणि संध्याकाळची या दोनच मुख्य ठरवल्या आणि 'प्राइम' नावाची सकाळची एक तर काढूनच टाकली.

तरी मी तुम्हाला त्या दोन्हीपासून सुरू करा म्हणणार नाही. झोपायच्या आधीची म्हणतात ना, कॉम्प्लिन, तिच्यापासून करा. सगळ्यात छोटी, सात-आठ मिनिटांत होते, आणि तिची स्तोत्रं दर आठवड्याला तीच, त्यामुळे रिबिनींची भानगड नाही, इंग्रजी पुस्तकही नको, घरातलं मराठी बायबल पुरे. रविवारी 91, सोमवारी 86, मंगळवारी 143, बुधवारी 31ची सुरुवात आणि मयताच्या वेळी ऐकतो ते 130, गुरुवारी 16, शुक्रवारी 88, शनिवारी 4 आणि 134. तेही जड वाटलं तर रोज रविवारचंच म्हणायची मुभा आहे. आधी दिवसभरात काय चुकलं ते क्षणभर आठवायचं, मग स्तोत्र, मग लूकच्या दुसऱ्या अध्यायातलं वृद्ध शिमोनाचं गीत (ओवी 29 ते 32), शेवटी मारियेचं एखादं गीत. झालं.

शुक्रवारचं 88 वाचून दचकाल, आधीच सांगून ठेवतो, कारण ते अंधारातच संपतं, आशेचं वाक्य शेवटी येतच नाही. तुमचा शुक्रवार मजेत गेला असेल तरी म्हणा, कुणीतरी हॉस्पिटलच्या बाकावर बसलेलं असतं ज्याला तेव्हा शब्द सुचत नाहीत, त्याच्या वतीने म्हणा. ही नुसती आपल्या मूडची प्रार्थना नाही, अख्ख्या चर्चची आहे, मला स्वतःला यातलं हेच सर्वात आवडतं.

महिना-दोन महिन्यांनी हे अंगवळणी पडलं की मग सकाळ घ्या. डब्यांच्या गडबडीत पूर्ण होणार नाही, तेव्हा स्तोत्र 63 आणि लूकच्या पहिल्या अध्यायातलं जखऱ्याचं गीत (68 ते 79) एवढंच. संध्याकाळची परतीच्या लोकलमध्ये मोबाइलवर करा, आयब्रेव्हिअरी किंवा युनिव्हर्सालिस अ‍ॅपमध्ये त्या दिवसाचं सगळं ओळीने येतं (इंग्रजीत आहे, पण पानं शोधावी लागत नाहीत). शेजारी भजनी मंडळ टाळ कुटत असलं तर उत्तमच, स्तोत्रंही मुळात अशीच दोन बाजूंनी आळीपाळीने म्हणायची असतात, घरी नवऱ्याला एक बाजू द्या.

आता सासूबाई. त्यांना सांगा की रोजरी याच प्रार्थनेच्या घरातली आहे. स्तोत्रं 150, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं ते लोक त्यांच्या जागी 150 वेळा 'आमच्या बापा', पुढे 'नमो मारिया' म्हणायला लागले, म्हणून पंधरा दशकांच्या (दहा-दहा मण्यांच्या गटांच्या) जुन्या रोजरीत तेवढेच 'नमो मारिया' आहेत आणि तिला मारियेची स्तोत्रसंहिता म्हणायचे. तेव्हा आठची रोजरी अजिबात मोडू नका, कॉम्प्लिन नंतर दिवा मालवताना म्हणा, आणि 91वं स्तोत्र त्यांनाच मोठ्याने वाचायला द्या, आवडेल बघा.

मावशींच्या पुस्तकांबद्दल एकच, त्यात 62 (63) असे दोन-दोन आकडे दिसले तर गोंधळू नका, मराठी बायबलचा आकडा कंसातला. बाकी रिबिनी लावायला लांब जायला नको, जवळच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांना त्यांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ विचारा आणि पुस्तक घेऊन एखाद्या रविवारी त्यांच्यासोबत बसा.