स्पॅनिशमधली ‘आब्लारा, कोमिएरा’ ही भूतकाळातल्या सुब्खुंतीबोची (इच्छा, शंका, कल्पना सांगणाऱ्या क्रियापदाची) रूपं नेमकी कुठे वापरायची? तक्ता पाठ आहे, पण बोलताना तोंडात येत नाहीत.

तक्ता विसरलात तरी चालेल. साध्या भूतकाळातलं ‘ते’चं रूप घ्या: आब्लारोन (ते बोलले), कोमिएरोन (ते जेवले), बिबिएरोन (ते राहिले). शेवटचं ‘रोन’ काढा आणि रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावा. अनियमित क्रियापदंसुद्धा याच वाटेने जातात, तुबिएरोनवरून तुबिएरा. ‘रा’ऐवजी ‘से’वाली रूपंही आहेत (आब्लासे, कोमिएसे), ती वाचताना ओळखू आली की पुरे.

आता वापर. इथे मराठी आपल्याला अर्ध्या रस्त्यापर्यंत सोडते आणि मग दगा देते. ‘आईची इच्छा आहे, मी शिकावं’ यातलं ‘शिकावं’ म्हणजे सरळसरळ सुब्खुंतीबो. पण ‘इच्छा होती’ म्हटलं तरी आपलं ‘शिकावं’ जागचं हलत नाही. स्पॅनिशमध्ये ते हलतं: ‘मी माद्रे किएरे के एस्तुदिए’, पण ‘मी माद्रे केरीआ के एस्तुदिआरा’. मी कितीतरी महिने ‘केरीआ के एस्तुदिए’च म्हणत होते आणि चूक कुठे आहे तेच कळत नव्हतं. इच्छा, विनंती, भीती, शंका यांचं मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं, की ‘के’नंतर (‘के’ म्हणजे आपला ‘की’) ‘रा’ आणायचा, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी जागा ‘जर-तर’ची, आणि तिथला सापळा जास्त वाईट. ‘मी माद्रिदला राहत असते तर रोज स्पॅनिश बोलले असते.’ आपण दोन्हीकडे ‘असते’ लावून मोकळे होतो. स्पॅनिशमध्ये दोन बाजूंना दोन वेगळी रूपं: ‘सी बिबिएरा एन माद्रिद, आब्लारीआ एस्पान्योल तोदोस लोस दीआस.’ ‘सी’च्या बाजूला ‘रा’, दुसऱ्या बाजूला ‘रीआ’. आपल्या सवयीने ‘सी बिबिरीआ’ निघतं तोंडातून. गंमत म्हणजे उत्तर स्पेनमध्ये, बास्क प्रदेशात आणि बुर्गोसकडे, तिथले लोकही बोलताना असंच म्हणतात. परीक्षेत मात्र त्यांचा दाखला देऊ नका! ‘कोमो सी’ (जणू काही) नंतरही हेच रूप येतं: ‘आब्ला कोमो सी बिबिएरा आकी’, म्हणजे इथेच राहत असल्यासारखा बोलतो.

एक गोष्ट तक्त्यात डोळ्यांना दिसते, पण मराठी कानाला चटकन लागत नाही. आब्लारामध्ये जोर ‘ब्ला’वर आहे. तोच शेवटच्या ‘रा’वर गेला (लिहिताना तिथे तिरकी रेघ येते) की अर्थ होतो ‘तो बोलेल’. शब्दातला जोर सरकवून अर्थ बदलायची आपल्याला सवय नाही, म्हणून ही जोडी मी मोठ्याने म्हणून घोटली होती, स्वयंपाक करताना. ‘आम्ही’च्या रूपात जोर ‘रामोस’च्या आधीच्या अक्षरावर येतो आणि तिथे रेघ लिहावीच लागते; माझे सगळ्यात जास्त गुण तिथेच गेले.