ताई, घर विकायच्या आधी

ताई, तुमची लेक अमेरिकेची नागरिक झाली आहे आणि तुम्हा दोघांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करायचा म्हणते आहे. साताऱ्याचं घर विकून कायमचं जावं, की सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे करावं, असं तुम्ही विचारलंय. तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी कोल्हापूरची. मराठी शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि २०१५ पासून न्यू जर्सीत लेकीजवळ राहते. कुठला फॉर्म, किती फी, मुलाखतीला काय न्यायचं, हे सगळं सरकारी संकेतस्थळावर मिळतं, ते मी सांगत बसत नाही.

कागदांबद्दल एवढंच सांगते, की आईसाठी एक आणि वडिलांसाठी एक असे दोन स्वतंत्र अर्ज लागतात. नवऱ्याच्या अर्जाला बायको जोडता येत नाही. आपल्या वयाच्या बायकांची खरी अडचण नावाची असते. लग्नात माझं नाव बदललं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर आणि सर्व्हिस बुकात सासरचं, आणि बाळंतपण माहेरी झालेलं, म्हणून लेकीच्या जन्मदाखल्यावर पुन्हा माहेरचंच. म्हणजे कागदोपत्री लेकीची आई एक बाई आणि तिच्या वडिलांची बायको दुसरीच. लग्नाची नोंदणी आपल्या काळी कोण करत होतं? ती केली, राजपत्रात नाव छापून आणलं, आणि दोन्ही नावांची बाई एकच आहे अशी प्रतिज्ञापत्रं केली.

माझा स्वतःचा जन्मदाखला तर नव्हताच. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा, त्याची अंमलबजावणी १९७० पासून. त्याआधी खेड्यात नोंद झाली तर झाली. मग 'नोंद आढळत नाही' असा दाखला लागतो. तो मागायला गेलं की समोरचा माणूस म्हणणार, नोंदच नाही तर दाखला कशाचा देऊ? आम्हाला हे वाक्य इतक्यांदा ऐकावं लागलं, की आठवलं तरी डोकं तापतं. माझ्या थोरल्या मामेबहिणीला, गुडघे धरलेल्या बाईला, माझा जन्म आठवतो एवढं सांगण्यासाठी नोटरीपर्यंत यावं लागलं. हे सगळे खेटे आमच्या ह्यांनी घातले. सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी एक शिक्का घेऊन परत यायचे. तुम्ही आजच सगळी कागदपत्रं पलंगावर पसरा आणि प्रत्येकावर तुमचं नाव काय आहे ते एका वहीत उतरवून काढा. अर्ज त्यानंतर.

आता सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. ऐकायला फार सोयीचं वाटतं, आणि ग्रीन कार्डावर नेमकं तेच जमत नाही. ते कार्ड अमेरिकेत राहण्यासाठी असतं. वर्षापेक्षा जास्त बाहेर राहिलात तर ते धोक्यात येतं. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात तर विमानतळावर प्रश्न सुरू होतात आणि नागरिकत्वासाठीचा सलग वास्तव्याचा हिशेब विस्कटतो. आधी परत येण्याचा परवाना काढून दोन वर्षांपर्यंत बाहेर राहता येतं, पण तो अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. अर्धं अर्धं राहायचं असेल तर साधा पर्यटक व्हिसा बरा. मात्र लेकीने एकदा तुमच्यासाठी कायमच्या वास्तव्याचा अर्ज भरला, की पुढे पर्यटक व्हिसा मिळणं अवघड होऊन बसतं, कारण तुमचा इरादा तुम्हीच लिहून दिलेला असतो. तेव्हा 'अर्ज करून तर ठेवू, जायचं की नाही ते नंतर बघू' असं लेक म्हणत असेल तर तिला थांबवा. माझ्या ओळखीतली दोन घरं यात अडकली.

दुखण्याखुपण्याचं. पासष्टीनंतर मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेच्या सरकारचा म्हाताऱ्या माणसांचा आरोग्य विमा, मिळतं असं सगळे सांगतात. नव्याने आलेल्या माणसाला आधी सलग पाच वर्षं तिथे कायमचा रहिवासी म्हणून काढावी लागतात, हे सांगत नाहीत. आणि ज्याने तिकडे साधारण दहा वर्षं नोकरी करून कर भरलेला नाही, त्याला दवाखान्यात दाखल होण्याचा भाग, म्हणजे पार्ट ए, फुकट मिळत नाही. २०२५ साली त्याचा पूर्ण हप्ता महिना ५१८ डॉलर होता आणि पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टरांच्या तपासण्यांच्या भागाचा, १८५. हे एका माणसाचं. दोघांचं मिळून १४०० च्या वर जातं. ते तुमच्या पेन्शनमधून भरायचं, की जावयाच्या पगारातून, हे निघण्याआधी बोलून घ्या. तोंडावर बोला, चौघांनी बसून. आणि एवढं भरूनही कानाचं यंत्र, दातांची बहुतेक कामं, आणि अंथरुणाला खिळल्यावर घरी ठेवावी लागणारी बाई यांचा खर्च मूळ मेडिकेअर देत नाही.

पैशांचं तुम्हाला लवकर कळेल, तुम्ही बँकेत होतात. ग्रीन कार्ड मिळालं की जगभरातलं उत्पन्न तिकडच्या विवरणपत्रात येतं. भारतातल्या सगळ्या खात्यांची रक्कम मिळून वर्षात एकदाही १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार नावाचा वेगळा तपशील द्यावा लागतो. फंड आणि ग्रॅच्युइटी बँकेत असलेला जवळजवळ प्रत्येक निवृत्त माणूस त्यात येतो. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असतं, अमेरिकेत नसतं. म्युच्युअल फंडांचा हिशेब तर भलताच किचकट. शिवाय भारतात अनिवासी ठरलात की ज्येष्ठ नागरिकांचा फॉर्म भरून व्याजावरचा टीडीएस थांबवता येत नाही आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. दोन्हीकडचं जाणणारा सीए आधी गाठा.

आता जे लिहायला मी मुळात बसले ते लिहिते.

आम्ही गेलो तेव्हा नातू दोन वर्षांचा होता. दिवसभर पाळणाघरात इंग्रजी, संध्याकाळी आमच्याशी मराठी. ह्यांची आणि त्याची जोडी होती. हे इंग्रजी वाचतात, पण बोलायचं म्हटलं की मनात वाक्य जुळवतात आणि तोवर समोरचा पुढे गेलेला असतो. नातवाशी त्यांना काही जुळवावं लागत नव्हतं. रोज रात्री गोष्ट. नातू मध्येच प्रश्न विचारायचा, तेही शुद्ध मराठीत, 'मग त्या कोल्ह्याचं पुढं काय झालं आबा?' हे त्याला पंचगंगेचा पूर सांगायचे, धरणाचे दरवाजे कसे उघडतात ते सांगायचे. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी गेलेला माणूस, त्याला इतकं तल्लीन ऐकणारं कुणी घरात कधी मिळालं नव्हतं. मीसुद्धा नाही.

शाळेत नाव घालताना एक फॉर्म असतो, घरी कोणती भाषा बोलता म्हणून. लेकीने खरं ते लिहिलं, मराठी. तेवढ्यावरून पोराची इंग्रजीची चाचणी घेतली. अनोळखी बाईसमोर ते पाच वर्षांचं पोर गप्प बसलं. गप्प बसलं म्हणजे येत नाही, असा निकाल लागला आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या वेगळ्या गटात त्याला रोज वर्गातून उठवून नेऊ लागले. सोबतची मुलं वर्गात राहायची आणि हा उठून जायचा. पालकांना त्या गटासाठी लेखी नकार देता येतो, हे शाळेने आम्हाला कधी सांगितलं नाही. ते मला खूप नंतर वाचनालयात भेटलेल्या एका बाईकडून कळलं. शाळेतल्या पालकसभेत वर्गाच्या बाईंनी लेकीला सल्ला दिला, घरी इंग्रजीच बोला.

मी जन्मभर पहिली-दुसरीची मुलं शिकवली आहेत, ताई. ज्या पोराची एक भाषा पक्की असते, ते दुसरी सहज उचलतं. ऊसतोडीला आलेल्या घरांतली पोरं मी वर्गात घेतली आहेत, मला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मी तसं सांगितलंही. पण लेक आणि जावई घाबरले होते, आणि शाळेचं म्हणणं माझ्या अनुभवापेक्षा वजनदार ठरलं. घरात मराठी बंद झाली. नातू त्या गटातून बाहेर पडला, आता वर्गात हुशार म्हणून ओळखला जातो. आबांना मात्र तो इंग्रजीतून उत्तर देऊ लागला, आणि पुढे उत्तर द्यायचाच कंटाळा करू लागला. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी, म्हणजे इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेशी, जोडलेल्या मराठी शाळा आहेत, शनिवार-रविवारी भरतात, चांगल्या चालतात. तिथे घाला म्हणून मी मागे लागले, पण तोवर त्याचे शनिवार फुटबॉलला गेले होते. लेकीवर माझा राग नाही. त्या फॉर्मवर आणि त्या सल्ल्यावर आहे, आणि तो जात नाही.

ह्यांची रात्रीची गोष्ट थांबली त्यानंतर ते हळूहळू घरात असून नसल्यासारखे झाले. तक्रार नाही केली. खिडकीशी बसायचे. फुटपाथ नाही, त्यामुळे फिरायला कुठे जाणार? कोल्हापुरात रोज रंकाळ्याला चालणारा माणूस. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत जायचं असायचं, तर त्या दिवशी पहाटेच उठून इस्त्रीचा शर्ट घालून तयार. २०२१ मध्ये ते कोल्हापूरला परत गेले आणि पुढे ग्रीन कार्ड सरेंडर केलं. मी राहिले.

हे वाचून तुम्हाला वाटेल मी नातवासाठी राहिले. नाही. मला इथे आवडतं, हे मी लिहून कबूल करते, लेकीजवळसुद्धा असं स्पष्ट बोललेले नाही. साठीनंतर मी गाडी शिकले. (त्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो आणि घरातली सगळी बिलं जावयाच्या नावावर असतात. पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावाचं बँक खातं उघडा, त्याचं स्टेटमेंट कामी येतं.) वाचनालयात लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाते. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही न विचारता घराबाहेर पडते आहे. एकटेपणाबद्दल सगळे विचारतात. पहिल्या हिवाळ्यात फार जाणवतो, साडेचारला अंधार पडतो तेव्हा. घराबाहेर पडायची सोय केली की कमी होतो. माझ्यापुरतं त्यावर एवढंच. ह्यांचा एकटेपणा वेगळा होता, आणि त्याला गाडी शिकणं हे उत्तर नव्हतं.

आम्ही अमेरिकेला जायचं ठरवलं तेव्हा एकच निर्णय घेतोय असं समजत होतो. अर्ज दोन, मेडिकेअर दोन, हप्ते दोन, आणि माणसंही दोन होती. म्हणून राहायची जागा ठरवताना लेक कुठे आहे, हवा कशी आहे, याच्याआधी दोन गोष्टी पाहा. तिथे तुमच्यातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या मदतीशिवाय घराबाहेर पडू शकेल का? आणि दोघांपैकी एक नसेल तेव्हा मागे राहिलेल्याला तिथे राहवेल का? दोघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

माझ्यापुढे आता वेगळाच पेच आहे. मला ह्यांच्याजवळ कोल्हापुरात हवं तितकं राहायचं असेल आणि इथला दरवाजाही उघडा ठेवायचा असेल, तर मला अमेरिकेचं नागरिकत्व घ्यावं लागेल. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर भारतात कितीही काळ राहता येतं. म्हणजे नवऱ्याजवळ राहण्यासाठी मला भारताचा पासपोर्ट सोडायचा आहे. अर्ज भरून ठेवलाय, पाठवलेला नाही. ह्यांना ते चालेल का, हे विचारायला फोन उचलते आणि पावसाचं बोलून ठेवते.

घराचं सांगते. विकू नका, निदान पहिली तीन-चार वर्षं तरी नाही. विकायचंच असेल तर निघण्याआधी विका, कारण अनिवासी झाल्यावर घेणाऱ्याला तुमचा टीडीएस बराच जास्त कापावा लागतो आणि नफा अमेरिकेच्या विवरणपत्रातही दाखवावा लागतो. आमचं घर ठेवलं होतं म्हणून ह्यांना परत जायला जागा होती. भाड्याने दिलंत तर एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवा.

आणि तुमच्या प्रश्नात लेकीला काय हवंय ते आहे, तुम्हाला काय वाटतं ते आहे, तुमच्या मिस्टरांना काय हवंय ते मला कुठे सापडलं नाही. लेकीला फोन करण्याआधी त्यांना एकट्याला विचारा, आणि विचारून झाल्यावर बोलू नका, त्यांना वेळ द्या. 'तू म्हणशील तसं' म्हणाले तर तो होकार धरू नका. आमचे हे तेच म्हणाले होते.