रेड अलर्ट आला म्हणजे शाळेला सुट्टी असं धरायचं का?

नाही. रेड अलर्ट हवामान विभाग देतो, सुट्टीचा आदेश मात्र जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त काढतात. तो आदेश येईपर्यंत शाळा सुरू आहे असंच धरा. रंग सांगतो तो प्रशासनाने आणि आपण काय करायचं ते: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. पावसाचा रेड अलर्ट सहसा 24 तासांत 204.4 मिमीच्या वर पाऊस अपेक्षित असतो तेव्हा येतो. पण रंग ठरवताना शक्यता आणि संभाव्य नुकसानही पाहतात, त्यामुळे फक्त मिलिमीटरवर जाऊ नका.

गोंधळ होतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या हवामान विभागाच्या इशाऱ्यांच्या नकाशामुळे. तो पुढे पाठवण्याआधी एवढं बघाच:

- तारीख आणि जारी केल्याची वेळ. नकाशावरचा 'पहिला दिवस' (Day 1) दुसऱ्या दिवशी सकाळी 8:30 ला संपतो. कालचा नकाशा आज सर्रास फिरतो.
- जिल्हा की घाट? पुणे, सातारा, कोल्हापूरच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा येतो. ताम्हिणी घाटाचा लाल रंग पुणे शहरातल्या हडपसरला लागू नसतो.
- तात्काळ इशारा असेल तर तो साधारण 3 तासांपुरताच.

एक मात्र आहे: सुट्टीचा आदेश कधीकधी मुलं शाळेत पोहोचल्यावर येतो. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर आदेशाची वाट न बघता मुलाला घरीच ठेवा आणि वर्गशिक्षकांना कळवा.