नंतर काय बदलता येतं, ते आधी बघा

ताई, गच्चीवरच्या बागेचे व्हिडिओ तयार आहेत, पण लोगो मनासारखा नाही, आवाज ‘प्रोफेशनल’ वाटत नाही, म्हणून चॅनेल सुरू होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. परफेक्शनचा हा सोस घालवायचा कसा, हा तुमचा प्रश्न. माझं म्हणणं, घालवू नका, फक्त जागा बदला.

यूट्यूबवर शीर्षक, वर्णन, थंबनेल, लोगो कधीही बदलता येतो. मध्येच कुकरची शिट्टी आली तर तेवढा तुकडा नंतर यूट्यूब स्टुडिओत जाऊन कापता येतो. त्याच लिंकवर दुसरा व्हिडिओ मात्र चढवता येत नाही. नव्याने टाकला की व्ह्यूज, कमेंट पुन्हा शून्यावर. इन्स्टाग्रामवरही कॅप्शन सुधारते, रील नाही. आणि तुम्ही अडून बसलात ते नेमकं लोगोपाशी!

जीव तोडायचा तो प्रमाणांवर. किडीवर फवारायचं निंबोळी तेल लिटरभर पाण्याला 5 मिलीच्या ऐवजी बोलण्याच्या ओघात 50 गेलं, तर बघणाऱ्याची रोपं करपतील. भर उन्हात फवारू नका, हे सांगायचं राहिलं तरी तेच. आकडे कागदावर लिहून समोर ठेवा, स्क्रीनवरही दाखवा. मग आवाज. हललेलं चित्र लोक चालवून घेतात, वाऱ्याची घरघर नाही. माइकला फोमची टोपी घाला, नाहीतर बोलणं खोलीत पंखा बंद करून रेकॉर्ड करा आणि नंतर जोडा. बाकी जमेल तसं.

शिवाय ऋतू थांबत नाही. पावसाळी भेंडी-कारल्याच्या लागवडीचा व्हिडिओ मृगाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, लोकांसमोर हवा. दिवाळीत टाकलात तर एडिटिंग कितीही सुबक असो, तेव्हा लोक मेथी-पालकाच्या मागे असतात.

मिरचीचा व्हिडिओ पानं वळलेली दिसतात म्हणून तुम्ही बाजूला ठेवलात, हे वाचून खरं तर हसू आलं. अहो, चुरडा-मुरडा कुणाच्या मिरचीवर येत नाही? गच्चीवर मिरची लावणारा प्रत्येकजण कधी ना कधी हाच प्रश्न विचारतो. हिरवीगार बाग दाखवणारे ढीगभर आहेत. ‘रंगाच्या बादल्यांत मिरची लावणाऱ्या, पान उलटं करून ते वळवणारे फुलकिडे दाखवणाऱ्या ताई’ ही ओळख तुमची एकटीची होईल, आणि पर्सनल ब्रँड म्हणतात तो याहून फार वेगळा नसतो.

म्हणून सुरुवात त्याच व्हिडिओने करा. आधी ‘अनलिस्टेड’, म्हणजे लिंक असलेल्यांनाच दिसेल असा, ठेवून लिंक बाग करणाऱ्या दोघीतिघींना पाठवा. कसा वाटला, असं विचारू नका. सगळ्या ‘छान’च म्हणतील. तेल किती घालायचं आणि कधी फवारायचं, एवढंच विचारा. उत्तरं बरोबर आली की त्याच संध्याकाळी पब्लिक करून टाका.